नवी रिळं, लाइव्ह सोनार, विजेच्या मोटारी: वापरलेल्यांची मतं हवीत

खाडीकाठ

दर वर्षी जुलैत अमेरिकेत आयकास्ट नावाचं गळाच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरतं, आणि पुढचे दोन-तीन महिने गरवणाऱ्यांच्या गप्पांत दुसरा विषय नसतो. अलीकडे बाजारात येणारं बरंचसं सामान पडद्याचं, बॅटरीचं किंवा फोनला जोडायचं असतं. होडीच्या पुढे पाण्यात काय हलतंय ते दाखवणारे सोनार आहेत, नांगर न टाकता होडी जागेवर धरणाऱ्या मोटारी आहेत, ब्रेक स्वतः सांभाळणारी रिळं आहेत. यातलं काही खरंच उपयोगाचं आहे, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. नवं सामान पाहताना मी दोनच गोष्टी तपासतो. मासा आणि माझा हात यांच्यामध्ये काय आहे, आणि पाणी आणि माझा जीव यांच्यामध्ये काय आहे. पहिल्यात गरी, गाठ, लीडर (लाइनीच्या टोकाला जोडायचा वेगळा तुकडा), लाइन आणि मासा ओढू लागला की लाइन सोडणारा रिळाचा ड्रॅग येतो. दुसऱ्यात जॅकेट, माणूस पाण्यात पडला की इंजिन बंद करणारी दोरी आणि मदत मागायचं साधन. या दोन्हींत जे नवीन येतं त्यावर मी आनंदाने खर्च करतो. बाकीच्या वस्तू कितीही सुंदर असल्या तरी त्यांचा नंबर नंतर.

मत देताना कृपया कुठल्या पाण्यात वापरलं ते लिहा. खारं की गोडं, काठावरून की होडीतून, उथळ की खोल. कंपनीच्या जाहिरातीतली वाक्यं इथे परत नकोत. सामान धुतल्यावर, गंजल्यावर, पावसात भिजल्यावर कसं राहिलं ते वाचायला मला जास्त आवडेल.

निळातळ

धाग्यासाठी धन्यवाद, पण तुमच्या क्रमवारीशी असहमत. लाइव्ह सोनारला तुम्ही शेवटी ढकललंत. गेल्या काही वर्षांत गरवण्यात सगळ्यात मोठा बदल कुठल्या एका वस्तूने केला असेल तर तो यानेच.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: जुना फिशफाइंडर होडीच्या खाली बघतो आणि पडदा सरकत जातो, म्हणजे दिसतं ते सगळं होऊन गेलेलं. २०१८ मध्ये गार्मिनचा लाइव्हस्कोप आला, मग २०२० मध्ये लोरन्सचा अ‍ॅक्टिव्ह टार्गेट, २०२१ मध्ये हमिनबर्डचा मेगा लाइव्ह. यांत ध्वनीचा झोत समोर टाकतात आणि चित्र चालू क्षणाचं असतं. तुमचं लुअर (खोटं आमिष) पाण्यात उतरताना दिसतं, मासा त्याच्याकडे वळताना दिसतो, जवळ येऊन परत फिरताना दिसतो. त्या परत फिरण्यातून मी जितकं शिकलो तितकं दुसऱ्या कशातून शिकलो नाही. लुअर फार वेगाने ओढत होतो की फार खाली नेत होतो, हे लगेच कळतं.

मर्यादाही सांगतो. लाइव्हस्कोपचा झोत वरून खाली १३५ अंश पसरतो, पण आडवा फक्त २० अंश. म्हणजे १५ मीटरवर जेमतेम सव्वापाच मीटर रुंदीची पट्टी दिसते. होडी वाऱ्याने फिरली की मासा पडद्यावरून गायब, आणि तो पळाला असं वाटून माणूस उगाच जागा बदलतो. लाटा असतील तर झोत वर-खाली होतो आणि चित्र वाचता येत नाही. मी गोड्या, शांत पाण्यात वापरतो. तिथे याला तोड नाही.

ओहोटी

मला हे यंत्र आवडत नाही आणि कारण स्पष्ट सांगते. मासा बघून गळ टाकायचा, तो घेत नाही म्हणून तासभर त्याच्याच मागे फिरायचं, हे मला गरवणं वाटत नाही. पाणी वाचणं हीच तर यातली विद्या आहे. प्रवाह कुठे वळतो, पक्षी कुठे घिरट्या घालतात, ओहोटी लागल्यावर चारा कुठे अडकतो, यावरून मासा शोधायचा. पडद्याकडे मान खाली घालून बसलेला माणूस यातलं काही बघत नाही.

आणि हे फक्त माझंच मत नाही. अमेरिकेतल्या बास मासा गरवण्याच्या व्यावसायिक स्पर्धांनाही याला लगाम घालावा लागला. एनपीएफएल या स्पर्धेने २०२५ पासून समोर बघणारा सोनार पूर्ण बंद केला. मेजर लीग फिशिंगने त्याच वर्षी आपल्या मुख्य मालिकेत दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात परवानगी दिली. बी.ए.एस.एस. या संस्थेने एकच ट्रान्सड्यूसर (सोनारचा ध्वनी सोडणारा भाग) आणि सगळे पडदे मिळून ५५ इंच अशी मर्यादा घातली. स्पर्धेत सगळ्यांकडे यंत्र असूनही नियम करावे लागतात, याचा अर्थ त्याने खेळच बदलतोय.

निळातळ

ओहोटी ताई, स्पर्धांचं पटतं. तिथे प्रेक्षकही असतात, त्यांना पडद्याकडे बघणारा माणूस बघायचा नसतो. पण सुट्टीच्या दिवशी दोन मासे धरून सोडून देणाऱ्याने वापरला तर बिघडलं काय? पक्ष्यांवरून मासा शोधणं मीही सोडलेलं नाही. पक्षी जागा सांगतात, सोनार खोली सांगतो.

ओहोटी

सोडून देणाऱ्यांसाठीच माझा दुसरा मुद्दा आहे आणि तो जास्त महत्त्वाचा. हे यंत्र खोल पाण्यातला मासा हमखास सापडवून देतं. दर १० मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. ३० मीटरवरून मासा वर आणला की त्याच्या वाताशयातली (तरंगायला मदत करणाऱ्या आतल्या पिशवीतली) हवा चौपट फुगते. पोट तोंडातून बाहेर येतं, डोळे बाहेर येतात. असा मासा सोडून दिला तरी खाली जाऊ शकत नाही. पाण्यावर तरंगत राहतो आणि मरतो, नाहीतर पक्षी उचलतात. सोडला म्हणून वाचला, असं होत नाही.

यावर एक साधं साधन मिळतं. माशाच्या जबड्याला लावायचा दाबावर उघडणारा चिमटा, खाली वजन. ठरलेल्या खोलीला तो आपोआप सुटतो आणि मासा तिथेच मोकळा होतो. सीक्वालायझर हे त्यातलं माहितीतलं नाव. अमेरिकेत जानेवारी २०२१ मध्ये यासाठी कायदाच झाला. मेक्सिकोच्या आखातात खडकाळ तळाचे मासे गरवताना असं साधन किंवा हवा काढायची सुई हाताशी तयार ठेवणं त्याने २०२२ पासून सक्तीचं केलं. लाइव्ह सोनारवर खर्च करणाऱ्या प्रत्येकाने हे त्याच दिवशी घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

निळातळ

हे मान्य. माझ्याकडे नव्हतं, मागवतोय. शिवाय आता खोल पाण्यात एक-दोन मासे झाले की मी सोडण्यासाठी धरणं थांबवतो आणि उथळ जागेकडे जातो. यंत्र तर उथळातही तितकंच दाखवतं.

गाठपक्की

इतक्या गप्पांत लाइनीचा कोणी उल्लेखच केला नाही, म्हणून मी लिहिते. गेल्या काही वर्षांतली सगळ्यात उपयोगी सुधारणा मला इथेच दिसते, आणि तिची जाहिरात सगळ्यात कमी होते.

ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन अतिउच्च रेणुवजनाच्या पॉलिथिलीनच्या धाग्यांची असते. पाण्यापेक्षा हलकी, घनता ०.९७ च्या आसपास, म्हणून तरंगते. ताण जवळजवळ येत नाही. नायलॉन २० टक्क्यांहून जास्त ताणतो, ही तीन-चार टक्के. म्हणून खोल पाण्यात माशाचा हलका चावाही बोटाला जाणवतो. पूर्वी चार पेडांची खरखरीत लाइन असायची, रॉडच्या रिंगांमधून जाताना आवाज करायची. आता आठ आणि बारा पेडांच्या लाइनी सहज मिळतात. आवाज कमी, फेक लांब. पण पेड जितके जास्त तितका प्रत्येक पेड बारीक, आणि खडकावर घासल्यावर बारीक पेड लवकर तुटतो. खडकाळ जागी मी अजूनही चार पेडांचीच वापरते. 'जास्त पेड म्हणजे उत्तम' हे वाक्य उघड्या वाळूच्या जागी खरं, बाकी ठिकाणी तपासून घ्या.

डब्यावरचे आकडे वाचताना आणखी एक. जपानी पद्धतीत पीई १ म्हणजे सुमारे २०० डेनिअर (धागा किती जड-जाड ते मोजायचं एकक), म्हणजे लाइनीचं वजन आणि जाडी. तुटायची ताकद कंपनीप्रमाणे बदलते. दोन लाइनींची तुलना करायची तर आधी पीई क्रमांक सारखा आहे का बघा, मगच ताकदीचे पौंड वाचा. कधी जाड लाइनीवर कमी पौंड आणि बारीक लाइनीवर जास्त पौंड लिहिलेले असतात, आणि खरेदी करणारा पौंडांकडेच बघतो.

फ्लुरोकार्बन लीडर 'पाण्यात दिसत नाही' असं छापलेलं असतं. त्याचा अपवर्तनांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या पुढे. म्हणजे नायलॉनपेक्षा कमी दिसतो एवढं खरं. मी तो दोन वेगळ्याच कारणांसाठी वापरते. घासणं सोसतो, आणि घनता पावणेदोनच्या वर असल्याने लवकर बुडतो. पृष्ठभागावर चालणाऱ्या लुअरसाठी मात्र नायलॉनचा लीडर बरा, फ्लुरोकार्बन त्याचं नाक खाली ओढतो.

गाठीबद्दल: ब्रेडेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ शिका. यात ब्रेडेड लाइन लीडरभोवती वेणीसारखी गुंफली जाते, लीडरला पीळ पडत नाही, म्हणून जोड बारीक राहतो आणि रिंगांमधून अडखळत नाही. आवळण्याआधी ओली करा. पॉलिथिलीन १५० अंशांच्या आतच वितळतं, कोरडी गाठ झटक्यात आवळली तर घर्षणाने धागा तिथेच कमजोर होतो. नवी लाइन वाईट म्हणून तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांची गाठ कोरडी असते.

खाडीकाठ

गाठपक्की ताई, हा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. पीई क्रमांकाचा मुद्दा तर नव्या माणसाने रीळ घेण्याआधी वाचायला हवा.

नवा_गरवेकर

मी नुकतीच सुरुवात करतोय. काठावरून, खाऱ्या पाण्यात. दोन रिळं बघून ठेवली आहेत. एकावर कमाल ड्रॅग ६ किलो लिहिलाय, दुसऱ्यावर १५ किलो. दुसरं जड आहे, पण आकडा मोठा आहे. काका लोकांनी सांगावं, कुठलं घेऊ?

खाडीकाठ

६ वालं घे, आणि का ते नीट समजून घे, म्हणजे पुढच्या प्रत्येक खरेदीला उपयोगी पडेल.

ड्रॅग म्हणजे मासा ओढायला लागल्यावर लाइन किती जोर लागला की सुटायला लागेल ते. तो लाइनीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढा ठेवतात. तुझी लाइन २० पौंडांची, म्हणजे ९ किलोंची असेल, तर ड्रॅग सव्वादोन ते तीन किलो. १५ किलोंचा ड्रॅग पूर्ण आवळलास तर रीळ टिकेल, लाइन तुटेल किंवा रॉड मोडेल. एवढा जोर हातात उभ्याने धरूनही ठेवता येत नाही. मोठ्या ट्यूनावाल्यांना तो लागतो आणि त्यांची लाइनही त्या जाडीची असते.

मग पाव हिस्साच का, अर्धा का नाही? कारण मासा पळत जातो तसा स्पूल (लाइन गुंडाळलेली रिळाची चकरी) रिकामा होतो. स्पूलवरच्या लाइनीचा घेर अर्ध्यावर आला की तेवढ्याच ड्रॅगला लाइनीवर येणारा ताण दुप्पट होतो. त्यात पाण्यात पसरलेल्या लांब लाइनीचा अडथळा, वाकलेल्या रॉडच्या रिंगांवरचं घर्षण. काठावर तीन किलो लावलेला ड्रॅग शंभर मीटर लाइन गेल्यावर तीन राहत नाही. म्हणून मासा लांब पळाला की ड्रॅग थोडा सैल करायचा, आवळायचा नाही. मन आवळायला सांगतं, तिथेच मासे सुटतात.

दुकानात रीळ हातात घेतल्यावर कमाल आकडा विसर आणि हे कर. ड्रॅग दोन-तीन किलोंवर लाव, लाइन हाताने हळूहळू ओढ. सुटायला लागताना झटका बसतो का बघ. चांगला ड्रॅग लोण्यासारखा सुटतो, सुरुवातीचा जोर आणि चालू झाल्यावरचा जोर यांत फरक जाणवत नाही. बारीक लीडर तुटतो तो या पहिल्या झटक्यालाच. नव्या महागड्या रिळांत मला खरी प्रगती दिसते ती इथेच, ड्रॅगच्या चकत्यांमध्ये आणि दातऱ्यांच्या कोरण्यात. २०२२ च्या स्टेला रिळात शिमानो कंपनीने ड्रॅगच्या चकत्यांचा टिकाऊपणा वाढवण्यावरही भर दिला, आणि ही सुधारणा काही वर्षांत स्वस्त रिळांतही उतरते असा अनुभव आहे. थोडी वाट बघणाऱ्यालाही ती मिळतेच.

नवा_गरवेकर

समजलं काका. ६ वालं घेतो. धुण्याचं काय? दोन्हींवर 'जलरोधक' लिहिलंय.

यंत्रमित्र

जलरोधक रिळांबद्दल मी सांगतो, हा माझा आवडता विषय.

दोन मार्ग आहेत. एकात रबरी सील किंवा पाणी परतवणाऱ्या खाचा असतात. दुसरा दायवाचा मॅगसील: चुंबकाने धरून ठेवलेलं तेल फटीत पडद्यासारखं उभं राहतं, घर्षण होत नाही आणि पाणी आत जात नाही. दोन्ही चांगले. पण मॅगसीलच्या जागी आपलं तेल घालायचं नाही. ते चुंबकी तेल पातळ होऊन निघून जातं आणि मग तिथे काहीच उरत नाही. घरी रीळ उघडून साफ करायची सवय असलेल्यांनी हे रीळ घेताना विचार करावा. सर्व्हिसला पाठवायची तयारी असेल तर उत्तम, नाहीतर साधं सीलचं रीळ जास्त वर्षं साथ देतं.

धुताना ड्रॅग आवळून घे, म्हणजे पाणी चकत्यांत शिरत नाही. गोड्या पाण्याची हलकी धार सोड. जोराचा फवारा नको, तो मीठ आत ढकलतो. बादलीत बुडवू नकोस, गरम पाणी नको. पुसून ड्रॅग पूर्ण सैल कर आणि सावलीत वाळव. ड्रॅग आवळलेला ठेवला तर चकत्या दबून राहतात आणि मग तो झटका बसायला लागतो, ज्याबद्दल खाडीकाठ यांनी लिहिलंय.

निळातळ

यंत्रमित्र, तुम्ही आलाच आहात तर मोटारींवर लिहा. जीपीएसवर जागा धरणारी ट्रोलिंग मोटर (होडी हळू चालवणारी छोटी विजेची मोटर) घ्यावी म्हणतोय. बॅटरी लिथियम घेऊ का?

यंत्रमित्र

जागा धरणारी मोटर जरूर घ्या. मिन कोटाने २०१० मध्ये स्पॉट-लॉक आणला तेव्हापासून ही कल्पना आहे. आता त्यात ब्रशलेस मोटारी आल्या, गार्मिनची फोर्स २०१९ मध्ये, मिन कोटाची क्वेस्ट २०२३ मध्ये. ब्रशलेसमुळे आवाज कमी होतो आणि त्याच बॅटरीवर वेळ जास्त मिळतो. जोर किती हवा याचा ढोबळ हिशोब: होडी, माणसं, सामान, इंजिन सगळं धरून दर ५० किलोंना एक किलो जोर. वारा आणि प्रवाह असलेल्या पाण्यात त्याहून दीडपट घ्या, कारण जागा धरताना मोटर सतत झगडत असते.

बॅटरीत मी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बाजूने आहे. १०० अँपिअर-तासांची शिशाची डीप सायकल बॅटरी २७-३० किलोंची, लिथियम ११ ते १४ किलोंची. लहान होडीत पुढच्या टोकावरचं एवढं वजन गेलं की होडीची चालच बदलते. शिवाय शिशाची बॅटरी टिकवायची तर अर्धीच वापरायची, ही जवळजवळ पूर्ण वापरता येते.

आता ज्या गोष्टी विक्रेते सांगत नाहीत त्या. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, मग एकदम कोसळतं. व्होल्टमीटर बघून किती उरलंय हे कळत नाही. शंट (किती प्रवाह गेला ते मोजणारा भाग) लावा किंवा बॅटरीच्या स्वतःच्या बीएमएसमधून, म्हणजे तिला सांभाळणाऱ्या आतल्या यंत्रणेतून, आकडा वाचा. दुसरं, शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: इंजिनच्या अल्टरनेटरला सरळ जोडायची नाही. बीएमएसने मध्येच बॅटरी तोडली तर व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड जातात, सोबत पडदेही. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी ठेवा. ट्रोलिंग मोटर आणि सोनार दिवसभर चालवून संध्याकाळी इंजिनला स्टार्ट मिळाला नाही तर वाऱ्याच्या भरवशावर परत यावं लागतं.

आणि ब्रेकर. १२ व्होल्टची ५५ पौंडांची मोटर पूर्ण वेगाने ५० अँपिअरच्या आसपास ओढते. ब्रेकर ६० चा, बॅटरीजवळ, आणि वायर त्या प्रवाहाला आणि तेवढ्या लांबीला पुरेशी जाड. होडीतल्या आगी बारीक वायरींमुळे लागतात, मोटारीमुळे क्वचित.

ओहोटी

पेट्रोलचं इंजिन काढून विजेचं आउटबोर्ड लावायचा विचार चालू आहे. आवाज नाही, पाण्यात तेल नाही. खरंच पुरतं का?

यंत्रमित्र

शांत पाण्यात, जवळच्या जागेसाठी पुरतं, आणि मला ही दिशा मनापासून आवडते. पण आकडा समोर ठेवून ठरवा.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. लहान इंजिन त्यातला बराच भाग उष्णतेत घालवतं, तरी पंख्यापर्यंत दीड-एक किलोवॅट-तास पोचतात असं धरा. मर्क्युरीचं अ‍ॅव्हेटर ७.५ई, २०२३ मध्ये आलेलं, पंख्याला ७५० वॅट देतं आणि त्याची बॅटरी एक किलोवॅट-तासाची. पूर्ण वेगाने साधारण एक तास. म्हणजे तुमच्या बॅटरीत एक लिटरहून कमी पेट्रोलाएवढं काम आहे. वेग कमी ठेवला तर पल्ला खूप वाढतो, कारण पाण्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने चढतो. तळ्यात, धरणात, खाडीच्या आतल्या भागात हे छान चालेल. जिथे ओहोटीच्या उलट परत यायचंय किंवा वारा फिरू शकतो, तिथे अर्धी बॅटरी परतीसाठी राखायची आणि वल्ही होडीत ठेवायचीच.

सुटे भाग मिळण्याचाही विचार करा. एविनरूडसारखं शंभर वर्षांहून जुनं नाव २०२० मध्ये बंद झालं. विजेच्या बाजूला उलट चित्र आहे, टॉर्कीडो २०२४ मध्ये यामाहाने विकत घेतली. नव्या कंपनीचं सुंदर इंजिन घेण्याआधी पंखा, शिअर पिन (पंखा अडकला की आधी तुटणारी खीळ) आणि चार्जर दहा वर्षांनी कोण देणार हे विचारा.

वल्हेवाली

मी कयाकवाली. तुम्हा सगळ्यांकडे बॅटऱ्यांना जागा आहे, माझ्याकडे नाही, त्यामुळे खाडीकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते: पाणी आणि जीव.

पायाने चालवायच्या कयाकने माझ्यासारख्यांचं गरवणं बदललं. होबीचा मिराजड्राइव्ह १९९७ चा, पुढे त्यात उलटं जायची सोय आली. हात मोकळे राहतात, हे सांगून कळत नाही, बसून बघावं लागतं. पण या कयाक रुंद आणि जड झाल्या आहेत, सामान लावायला पट्ट्या आहेत, त्यामुळे लोक चिक्कार सामान भरतात. उलटल्यावर परत चढता येईल का, हे काठाजवळ, सोबतीला कोणी असताना करून बघा. रॉड, पेटी, सोनार लावलेल्या अवस्थेत. रिकाम्या कयाकवर चढणं आणि भरलेल्यावर चढणं वेगळं.

जॅकेटबद्दल: आकडा न्यूटनमध्ये असतो. ५०, १००, १५०, २७५. ५० म्हणजे पोहता येणाऱ्याला तरंगायला मदत, बेशुद्ध माणसाला ते उताणं करत नाही. १५० चं सहसा करतं. आपोआप फुगणारी जॅकेटं आता इतकी हलकी आहेत की अंगावर आहेत हे विसरायला होतं, आणि त्यामुळेच लोक ती दिवसभर घालून राहतात. होडीवाल्यांनी ती जरूर घ्यावीत. कयाकला मात्र मी फोमचंच घालते. भिजत-शिंतोडे घेत बसायचं असतं, पडले तर लगेच परत चढायचं असतं, आणि छातीवर फुगा असेल तर चढताच येत नाही.

आणि काहीही घ्या, पायांमधून जाणारा पट्टा लावा. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि तोंड खाली जातं.

गाठपक्की

+१. पट्ट्याबद्दल तर शंभरदा.

निळातळ

मदत मागायच्या साधनांबद्दल कोणी लिहिलं नाही. नवे पीएलबी, म्हणजे अंगावर बाळगायचे संकटात हाक देणारे छोटे ट्रान्समीटर, पाहिलेत का?

खाडीकाठ

पाहिले, आणि ही मला सगळ्यात आवडलेली सुधारणा. पीएलबी ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देतो, कॉस्पस-सारसॅट यंत्रणा ती बचाव केंद्राकडे पोचवते. आधी बटण दाबणाऱ्याला काहीच कळायचं नाही. २०२० पासून गॅलिलिओ उपग्रहांनी उलट निरोपाची सेवा सुरू केली. ती असलेल्या पीएलबीवर दिवा लागतो: हाक पोचली. पाण्यात एकट्या असलेल्या माणसाला तो दिवा किती धीर देईल, याचा विचार करा. काही नव्यांत एआयएसही आहे, म्हणजे आसपासच्या जहाजांच्या पडद्यावर तुमची जागा थेट दिसते, आणि जवळच्या अपघातात पहिली मदत बहुधा तिथूनच येते.

घेतल्यावर नोंदणी करा, नाहीतर बचाव केंद्राला कोणाला शोधायचं ते कळत नाही. पीएलबी असो की उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रं, प्रत्येक देशाचे परवान्याचे नियम वेगळे आहेत, ते आधी बघा. आणि यंत्र अंगावर बांधा. पेटीत ठेवलेलं यंत्र होडीबरोबर जातं.

होडीवाल्यांनी इंजिन बंद करणारी दोरीही लावा. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बहुतेक मोटार होड्यांना ती वापरणं सक्तीचं आहे. मनगटावरच्या बिनतारी पट्ट्याही आल्यात, दोरी अडचणीची वाटते म्हणून न लावणाऱ्यांना त्या चांगल्या.

ओहोटी

जाता जाता वजनांचं. शिशाऐवजी टंगस्टन वापरून बघा. घनता १९ च्या वर, शिशाची ११.३, त्यामुळे तेवढंच वजन बरंच लहान आणि तळाचा खडा-वाळू हाताला स्पष्ट कळते. ब्रिटनमध्ये १९८७ पासून लहान शिशाच्या वजनांवर बंदी आहे, हंस ती गिळून मरत होते म्हणून. टंगस्टनच्या भोकाची कड धारदार नाही ना हे मात्र बघून घ्या, लाइन कापते.

नवा_गरवेकर

वल्हेवाली ताई, घरात भावाचं आपोआप फुगणारं जॅकेट पडून आहे. बरीच वर्षं वापरलेलं नाही. ते चालेल का काठाच्या खडकांवरून गरवायला?

वल्हेवाली

तपासून मग घाल. आधी सिलिंडर फिरवून काढ आणि वजनकाट्यावर ठेव. त्याच्यावर किमान वजन कोरलेलं असतं, त्याहून कमी भरलं तर गॅस गळलाय, बदल. तोंडाला भोक पडलेलं दिसलं तर तो वापरलेलाच आहे. गंजलेला असेल तरी बदल, गंज पिशवीलाही भोक पाडतो.

मग यंत्रणा बघ. विरघळणाऱ्या गोळीची असेल तर गोळी दमट हवेतही खराब होते, ती बदलायचीच. पाण्याच्या दाबावर उघडणारी असेल तर तिच्यावर तारीख छापलेली असते, उलटून गेली असेल तर तो पूर्ण भाग नवा घ्यायचा. बदलाचा संच त्याच जॅकेटच्या मॉडेलचाच हवा, आटे सारखे दिसले तरी दुसरा चालत नाही.

शेवटी नळीने तोंडाने फुगव आणि रात्रभर तसंच ठेव. सकाळी मऊ पडलं असेल तर टाकून दे, चिकटवून वापरू नकोस. टणक राहिलं तर नळीच्या टोपीने झडप दाबून हवा काढ, टोपी परत नीट लाव, घडी कंपनीने दाखवली आहे तशीच घाल. सिलिंडर हाताने पक्का आवळ आणि खूण हिरवी आहे ना बघ. ओढायची दोरी घडीत अडकलेली नको, बाहेर लोंबती हवी.

खडकांवर घासून पिशवी फाटू शकते, म्हणून रोज खडकावर बसणार असशील तर फोमचं घे. पायांचा पट्टा दोन्हींना लागतो, तुझ्या त्या जॅकेटला नसेल तर वेगळा मिळतो.

नवा_गरवेकर

सिलिंडरवर किमान वजन कोरलेलं आहे, काट्यावर ८ ग्रॅम कमी भरतंय. गोळीवाली यंत्रणा आहे.

वल्हेवाली

मग सिलिंडर आणि गोळी दोन्ही बदल, तोपर्यंत ते घालू नकोस. संच मागवताना जॅकेटच्या आतल्या शिक्क्यावरचा मॉडेल क्रमांक आणि सिलिंडरचे ग्रॅम इथे लिही, जुळतो का ते बघून सांगते.